नंबर लागला आहे!

मंडळी, दिवाळीच्या दिवसांत दुसऱ्याच्या दुःखाला हसू नये म्हणतात. पण दुःख तीन कोटी रुपयांचे असले, तर थोडे हसायला हरकत नसावी, असे मनाशी ठरवून मी आज लेखणी उचलली आहे.

हे दुःख माझ्या पुतण्याचे. तो जन्माचा धाराशिवकर. शिकून-सवरून पुण्याकडे गेला, चाकणला यंत्रांचे सुटे भाग करण्याचा कारखाना काढला आणि चार पैसे मिळवून राहिला. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर त्याने एका विलायती मोटारीची मागणी नोंदवली. मोटार साधीसुधी नव्हे. जागच्या जागेवरून निघून साडेतीन सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेणारी! आमच्या धाराशिवात साडेतीन सेकंदांत आजवर एकच गोष्ट होत आली आहे, ती म्हणजे वीज जाणे. शिवाय ही मोटार जमिनीपासून इतकी बुटकी, की आमच्या गल्लीच्या तोंडचा गतिरोधक आणि त्यावर बसून रवंथ करणारी उस्मानाबादी शेळी या दोहोंपुढे तिला हात टेकावे लागतील. पण हौसेला मोल नसते, आणि हिशेबही नसतो.

पुतण्याने आगाऊ रक्कम भरली. रंग निवडला. बैठकीच्या कातड्याला कोणत्या रंगाच्या दोऱ्याची शिवण हवी, तेही लिहून दिले. एका बाबतीत मात्र तो हट्टाला पेटला. "काका, मोटार जगातली कुठलीही असो, पाटी आपल्या जिल्ह्याची. एमएच पंचवीस! आणि पहिली फेरी तुळजापूरची. आप्पांना शेजारी बसवून." आप्पा म्हणजे त्याचे वडील, माझे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

विक्रेत्याने गुढीपाडव्याचा वायदा केला. पाडव्याला कळले, की मोटार अजून कारखान्यातच आहे. अक्षय्य तृतीयेला नक्की. अक्षय्य तृतीयेला ती जहाजाची वाट पाहत होती. आषाढीला ती जहाजात होती म्हणे, पण जहाज कोठे होते ते कोणी सांगेना. गणपतीत ती 'कागदपत्रांत' होती. दसऱ्याला विक्रेत्याने गोड आवाजात सांगितले, "साहेब, काळजी करू नका. आपला नंबर लागलेला आहे." पुतण्या इतका संतापला, की फोन आपटावा म्हणून त्याने हात उगारला; पण फोनही विलायतीच होता, म्हणून हात खाली घेतला.

हे वाक्य कानावर पडताच ओसरीत बसलेले दादा मात्र खुदकन हसले. "नंबर लागलाय म्हणतोय ना? मग झालंच की!"

त्या हसण्याचा अर्थ पुतण्याला कळला नाही, कारण तो कळायला वय वर्षे साठच्या वर असावे लागते. तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करतो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती, आणि देशातच मोटारी घडाव्यात असे सरकारचे धोरण होते. मुंबईत १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला, फोर्डनेही तेच केले. मागे राहिल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. त्यांतली एक आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागली. पण घेणारे हजार आणि वस्तू शंभर! तेव्हा सरकारने १९५९ साली मोटारींच्या आणि १९६० साली स्कूटरींच्या वाटपाचे हुकूम काढले. गिऱ्हाइकाने पोस्टात अनामत ठेवायची, पासबुक तारण द्यायचे आणि नंबराची वाट पाहायची. स्कूटरला दहा-दहा वर्षे लागल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील. १९८३ साली मारुतीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा दहा-दहा हजार रुपये अनामत भरून दोन महिन्यांत सव्वा लाखावर लोकांनी नावे नोंदवली, आणि त्या वर्षी १४ डिसेंबरला पहिली किल्ली ज्यांच्या हाती पडली, त्या दिल्लीच्या हरपाल सिंगांचे नाव देशभर झाले. मोटार मिळणे ही बातमी होती, मंडळी!

आमच्या दादांनी १९७४ साली स्कूटरची नोंदणी केली. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळा बारा किलोमीटरवर, म्हणून स्कूटर हवी, असे सर्वांना सांगितलेले कारण. खरे कारण निराळे होते. आईची तुळजापूरची वारी असे. तेव्हा एसटीत उभ्याने जावे लागे, आणि तिचे गुडघे धरलेले. दादा तिला म्हणाले, "स्कूटर आली की तुला मागे बसवून नेतो. वाटेत चहा पाजतो. राणीसारखी चल." नऊवारीतली आई स्कूटरवर कशी बसणार, यावर घरात महिनाभर चर्चा आणि हशा झाला. आईने मात्र मनावर घेतले. पदर वाऱ्याने उडू नये म्हणून तो कसा खोचायचा, तेही तिने ठरवून टाकले.

दर सहा महिन्यांनी दादा सोलापुरास जाऊन यादी पाहून येत. एकदा तर पुढे सरकण्याऐवजी नंबर मागे गेला. मध्ये कोणी कोट्यातले घुसले होते. विक्रेता सांगे, "मास्तर, नंबर लागलाय. पुढल्या सालात नक्की." स्कूटर आली १९८२ च्या अखेरीस. नोंदणी केली तेव्हा लातूर आमच्या जिल्ह्यात होते. स्कूटर येईतो जिल्हा फुटून लातूर वेगळे झाले होते. दादांची बदली गावातच झाली होती. आणि आई १९८० सालीच गेली होती. दादांनी स्कूटरला हळदकुंकू वाहिले आणि एकट्यानेच तुळजापूरला जाऊन आले. परत आल्यावर कोणाशी बोलले नाहीत.

असो. आता पुतण्याच्या मोटारीकडे वळू. मी म्हातारा असलो तरी चौकस आहे. उशीर का होतो, याची मी चौकशी केली. कारणे खोटी नाहीत. असल्या मोटारी फार थोड्या निघतात. फेरारीने २०२४ साली साऱ्या जगाला मिळून १३,७५२ मोटारी दिल्या. त्यात आपल्याला चालक उजव्या हाताला बसणारी मोटार लागते, आणि तशी मागणारे देश थोडे. मग समुद्र. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, आणि युरोपातून येणारी कितीतरी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. म्हणजे साडेतीन सेकंदवाली मोटार वास्को द गामाच्या वाटेने यायची! त्याच्याही आधी, २०२२ च्या फेब्रुवारीत, 'फेलिसिटी एस' नावाचे जहाज सुमारे चार हजार जर्मन-इटालियन मोटारी घेऊन अमेरिकेस निघाले, अटलांटिकात पेटले आणि १ मार्चला बुडाले. एका इटालियन कंपनीला तर बंद केलेल्या जातीची मोटार तेवढ्यासाठी पुन्हा घडवावी लागली. त्या गिऱ्हाइकांना काय सांगितले असेल? नंबर लागला होता, पण पाण्यात गेला!

मोटार गोदीत आली तरी संपत नाही. चाळीस हजार डॉलरांवरच्या मोटारीला २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ सीमाशुल्क सत्तर टक्के आणि त्यावर उपकर चाळीस. म्हणजे एक कोटीची मोटार गोदीतच दोन कोटी दहा लाखांची होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर; म्हणजे आणखी चौऱ्याऐंशी लाख. राज्याचा रस्ता-कर वेगळाच. खुद्द सचिन तेंडुलकरलाही हे चुकले नाही. ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांशी त्याने बरोबरी केली, म्हणून २००२ साली शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी भेट मिळाली. कोटीच्या वरचे शुल्क सरकारने माफ केले, तेव्हा ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. फुकटच्या मोटारीची ही कथा, तर विकतचीची काय सांगावी! त्यात २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी व्यापारी करार झाला आणि तिकडच्या ठराविक मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरले. तेव्हा आता 'आली तर महाग पडेल' म्हणूनही झोप नाही, आणि 'आली नाही' म्हणूनही झोप नाही.

पुतण्याला मी म्हटले, "अरे, कारणे तर सगळी खरी आहेत. मग तू चिडतोस कशावर?" तो म्हणाला, "काका, कारणं खरी आहेत, तारखा खोट्या आहेत. आधीच दीड वर्ष म्हणाले असते, तर मी हूं की चूं केलं नसतं." पोराच्या बोलण्यात तथ्य होते. वाट पाहायला माणूस तयार असतो. त्याला झुलवत ठेवलेले खपत नाही. वाचकहो, मोटार असो वा पीठगिरणी, पैसे भरताना तारीख लेखी घ्या, आणि 'अंदाजे' या शब्दाकडे नीट पाहा. उशीर झाला तर पैसे परत मिळतील का, तेही लिहून घ्या. तो कागद हाती असला, तर जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग बसले आहेत. नसला, तर ओसरी आहे आणि रडगाणे आहे.

आणि रडगाणे गायचीही यंदा लाज वाटते. सप्टेंबरात आमच्या परांडा-भूमकडे पुराने उभी पिके नेली, शेतांतली माती खरवडून नेली. तिथला शेतकरी यादीत आपले नाव लागले का, एवढेच पाहण्यासाठी हेलपाटे घालतो. त्याच्यापुढे मोटारीच्या नंबराचे दुःख सांगायला जीभ रेटत नाही.

ज्याच्या नावाने आमचे गाव बरीच वर्षे ओळखले गेले, आणि २०२३ साली ज्याचे नाव जाऊन जुने धाराशिव कागदोपत्री परत आले, त्या सातव्या निजामाची, मीर उस्मान अली खानाची, मला या निमित्ताने आठवण झाली. त्याच्या वडिलांनी, मीर महबूब अली खानांनी, इंग्लंडहून एक रोल्स-रॉइस मागवली होती. पिवळीधमक, मागे सिंहासनासारखी उंच बैठक. १९११ च्या ऑगस्टात महबूब अली गेले. मोटार १९१२ ची. ज्याने मागवली तो तीत बसलाच नाही. पुढे मुलाच्या राज्यातही ती फार थोडे मैल चालली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आता पाहायला मिळते. निजामाच्या तिजोरीत काय कमी होते? पण त्याचाही नंबर उशिराच लागला.

हे सारे मी दसऱ्यानंतर एका संध्याकाळी पुतण्याला सांगितले, आणि दादांच्या स्कूटरचे खरे कारणही सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आप्पा एकोणऐंशीचे झाले, काका." दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने जुनी जीप काढली. मोटारीची वाट पाहण्यात जिला वर्षभर कोणी धुतलेसुद्धा नव्हते, ती जीप! दादांना शेजारी बसवले, मी आणि वहिनी मागे. तुळजापूर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. अलीकडेच एका टपरीपाशी दादांनी हाताने थांबायला सांगितले. चहा घेतला. म्हणाले, "आईला इथं पाजायचा होता." एवढेच. जीप पुढे निघाली.

परतल्यावर पुतण्याने विक्रेत्याला चार ओळी लिहिल्या: खरी तारीख कळवा, नाहीतर पैसे परत करा. उत्तर पहिल्यांदाच सरळ आले. मार्चपूर्वी मोटार येणार नाही. आश्चर्य असे, की ते वाचून पुतण्या चिडला नाही. चकलीचा तुकडा मोडीत त्याने ते दादांना वाचून दाखवले.

दादांनी चष्मा पुसला. "मार्च का? येऊ दे सावकाश," ते म्हणाले. "माझं तुळजापूर झालंय."