तळ्याचा सांडवा आणि तिथीची पाऊणकी

गणेशचतुर्थी आली की ठाण्याच्या तळ्यांची आठवण सर्वांस होते. पाऊस कोसळू लागला की तीच तळी शेजाऱ्यांच्या धास्तीचा विषय बनतात. एके काळी येथे साठांहून अधिक तळी होती असे सांगतात; आज उरली ती पस्तिसांच्या घरात. रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 मध्ये कौपिनेश्वराचे देऊळ नव्याने उभारले, तेव्हा मासुंद्याचे पाणी देवळास आजच्याहून जवळ होते. आता मध्ये वाहता रस्ता आहे. कल्याणच्या शेणाळे तळ्यास आज काळा तलाव म्हणतात. त्याच्याही भोवती शहर दाटले आहे.

तळे काठोकाठ भरलेले दिसावे, ही आवड आपणां सर्वांची. परंतु आषाढ-श्रावणात काठोकाठ भरलेल्या तळ्यास पुढच्या सरीचे पाणी पोटात घेता येत नाही, ते पाणी आळीत शिरते. एक एकराच्या तळ्याची पातळी एक फुटाने उतरविली, तर सुमारे बारा लाख लिटर पाण्यास जागा होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी फुगून कल्याण-बदलापुरात घरे पाण्याखाली गेली. तसल्या प्रलयापुढे तळ्याची मात्रा चालणार नाही, हे उघड आहे. दरवर्षीच्या जोरसरीत मात्र ती बारा लाख लिटरांची जागा मोलाची ठरते.

तळ्यास दोन मुखे हवीत: एक पाणी येण्याचे, एक जाण्याचे. काठाने सिमेंटची भिंत बांधून फिरण्याचा मार्ग केला आणि पाणी येण्याचे मुख बुजले, तर वस्तीचे पाणी रस्त्यावरच तुंबते; सांडवा बुजला तर तळे उलटते. हा विवाद नवा नव्हे. मोरीखेरीज अन्य वाटेने बांधाचे पाणी सोडणाऱ्यास कौटिल्याने सहा पण दंड सांगितला, आणि हयगयीने मोरीपाशी इतरांचे पाणी अडविणाऱ्यासही तोच. मनूच्या नवव्या अध्यायात तलाव फोडणाऱ्यास मोठी शिक्षा आहेच, पण त्यापाठोपाठ तलावात येणाऱ्या पाण्याची वाट मोडणाऱ्याचाही दंड आहे. तळे खोदण्याचे पुण्य कीर्तनांतून पुष्कळ ऐकू येते. वाट बुजविण्याचे पाप क्वचितच.

या वाटा बुजतात कशाने? गाळाने, प्लास्टिकने, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आपल्या निर्माल्यानेही. हाराचा दोरा जाळीत एकदा अडकला की पाने, पिशव्या त्यावर थरांनी साचतात. निर्माल्य कलशातच पडावे, याचा आग्रह घरच्या वडीलधाऱ्यांनी धरावा.

विसर्जनास पाणी भरपूर हवे, म्हणून तळी भाद्रपदापर्यंत उतरवू नयेत, असा आक्षेप येईल. परंतु सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत सांगितले. शाडूच्या मूर्तीसही घरची बादली पुरते. तेव्हा आषाढ-श्रावणात पातळी उतरती ठेवावी आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात तळे भरू द्यावे. अगदी कोरडे मात्र करू नये. त्यात जीव आहेत.

राहिली खाडीची गोष्ट. या नगरांचे नाले अखेर खाडीस मिळतात; भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे दबतात आणि सांडवा उघडूनही पाणी हटत नाही. यावर पंचांग उपयोगी पडते. तिथीची पाऊणकी केली की पूर्ण भरतीचा तास येतो, ही कोकणातील जुनी रीत आहे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. खाडीच्या आत, ठाण्या-कल्याणकडे, ती वेळ थोडी मागाहून येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत उंच, ओहोटीही तितकीच खोल. अनंत चतुर्दशीस चौदाची पाऊणकी साडेदहा: सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी चढलेले असेल, आणि दुपारी पावणेपाचच्या आसपास ओहोटी लागलेली असेल. तळ्याचे दार उघडावयाचे असेल, तर आळीच्या मंडळाने ते या दुसऱ्या वेळी उघडवून घ्यावे.