गोळीलाही रोपाइतका वेळ द्या



वडगावापासून लोणावळ्यापर्यंत आषाढात भातलावणीची घाई असते. त्यात घरातले कोणी उदास असले, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ‘आठ दिवसांत गुण नाही’ म्हणून बंद होतात. भाताचे रोप लावणीला यायला 21 ते 25 दिवस लागतात. या गोळ्यांचा गुण दिसायलाही बहुधा 2 ते 4 आठवडे लागतात. पुढे बरे वाटले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एकदम सोडू नये.

भाकरी, भात, वरण, ताक नेहमीप्रमाणे द्यावे. क्वचित दिल्या जाणाऱ्या काही जुन्या गोळ्यांना मुरवलेले चीज वगैरे चालत नाही. म्हणून पथ्य डॉक्टरांनाच विचारावे. दारू वर्ज्य. अंगदुखीची गोळी किंवा काढा आपल्या मनाने देऊ नये. झोप येत असल्यास पॉवर टिलर दुसऱ्याने चालवावा.

सुरुवातीला बेचैनी वाढली किंवा मरणाची भाषा कानावर आली, तर माणसाला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. आणि फवारणीच्या औषधाचे डबे आजच कुलपात ठेवा. किल्ली घरातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाकडे असू द्या.