कोलेस्टेरॉलचं वकीलपत्र

ऑफिसात हेल्थ चेकअपचे रिपोर्ट आले की दोन पार्ट्या पडतात. पहिली तूप बंद करते आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं शेंगदाणा तेल आणते. (कोलेस्टेरॉल हा मुळात प्राणिज पदार्थांतला ऐवज. शेंगदाण्यात तो कुठून येणार?) दुसरी पार्टी मोबाईल पुढे करते : "पेशींना कोलेस्टेरॉल लागतंच, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा!" आमच्या टीममधल्या एकाने तेवढ्यावर गोळी बंद केली, म्हणून हा लेख. माझ्या मते पहिली पार्टी भोळी आहे, दुसरी धोकादायक. कारण तिचं अर्धं म्हणणं खरं आहे.

आधी ते खरं अर्धं. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचं दुपदरी आवरण असतं. या रेणूंच्या शेपट्या सतत वळवळत असतात. कोलेस्टेरॉलचा ताठ, चार कड्यांचा रेणू त्यांच्यामध्ये उभा राहतो आणि आवरण फार सैलही होऊ देत नाही, थिजूही देत नाही.

आता ऑक्सिडेशन. एखादा फ्री रॅडिकल शेपटीतला हायड्रोजन पळवतो. ती शेपटी ऑक्सिजन पकडते आणि शेजारणीचा हायड्रोजन पळवते. मग सुरू झाली साखळी! डब्यातलं तेल खवट होतं ते असंच. कोलेस्टेरॉलमुळे रचना दाट झाली की ऑक्सिजनला आत शिरायला वाव कमी मिळतो. डोळ्याचं भिंग बघा. तिथल्या गाभ्यातल्या पेशी जन्मभर बदलत नाहीत, आणि भिंगाच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉलचं प्रमाण शरीरात सर्वात जास्त असतं. अर्थात हा पहारेकरी अमर नाही. त्याचंही ऑक्सिडेशन होतं, आणि त्यातून ७-कीटोकोलेस्टेरॉलसारखे पेशींना त्रासदायक रेणू तयार होतात.

मग फॉरवर्ड चुकतो कुठे? रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा हा पेशींच्या आवरणातला साठा नव्हेच. तो रक्तातल्या वाहतुकीचा आकडा. पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवतात आणि कमी पडलं तर रिसेप्टर वाढवून रक्तातून ओढून घेतात. हे उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. स्टॅटिनची गोळी हीच युक्ती वापरते : यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत रक्तातलं एलडीएल उचलतं. रक्तात उरलेलं जादा एलडीएल मात्र धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि ब्लॉकेजची पायाभरणी होते.

"मग ऑक्सिडेशनच थांबवू, अँटिऑक्सिडंट गोळ्या घेऊ!" हेही करून झालंय. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीचे निकाल २००२ मध्ये आले. हृदयविकाराचा मोठा धोका असलेली २०,५३६ माणसं, आणि एकाच अभ्यासात दोन्ही उपाय तपासले. सिम्व्हास्टॅटिनने हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. ई, सी आणि बीटा कॅरोटिन या जीवनसत्त्वांनी? काहीही फरक पडला नाही.

थोडक्यात, रेणू तोच, प्रश्न जागेचा आहे. आवरणात तो हवाच, धमनीच्या भिंतीत नको. आपल्याकडे हार्ट अटॅक तुलनेने कमी वयात येतात, तेव्हा गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. अर्धं सत्य फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, ते निस्तरायला अँजिओप्लास्टी!