मंडळाचा अध्यक्ष की मांडवातला नवरदेव?

आपल्याकडे अध्यक्ष म्हटला की आधी हार आठवतो. शाल, नारळ, गाडी, दारावरची पाटी. काम मागाहून सुचले तर सुचले. आमच्या सोनपेठात कोणी कसल्याशा मंडळाचा अध्यक्ष झाला की दुसऱ्या दिवशी चौकात फलक झळकतो. त्या मंडळाचे काम काय, असे विचारा. फलक लावणाराला सांगता येत नाही. ही सवय सोसायटीपुरती वा शाळा समितीपुरती असती, तर मी दिवाळी अंकाची जागा अडवली नसती. पण मराठवाडा विकास मंडळाची खुर्चीही आपण ह्याच सवयीने पोकळ केली, असे माझे म्हणणे आहे. आणि ते मुंबईला उद्देशून नाही, आपल्याच मंडळींना उद्देशून आहे.

निजामी संपली, आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा अटी न घालता मुंबई राज्यात आला. घटनेच्या ३७१ व्या कलमात स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद त्याच वर्षी झाली, आणि कागदावर तशीच पडून राहिली. १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या समितीने राज्याची सरासरी धरून कोण किती मागे ते मोजले. मराठवाड्याच्या वाट्याला सुमारे ७५० कोटींचा अनुशेष निघाला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद ह्यांनी रान उठवले. तेव्हा कुठे १९९४ साली मंडळ आले. घटनेत लिहिलेली गोष्ट मिळायला अडतीस वर्षे! आणि मिळाल्यावर आपण काय केले? ते कोणाच्या पदरात पडते, एवढेच पाहिले. मंत्रिपद हुकलेल्याची सोय, राज्यमंत्र्याचा दर्जा, दिवा आणि बंगला, ह्यापलीकडे त्या पदाची चर्चा मी तरी कधी ऐकली नाही.

मंडळाचे काम आदेशात स्वच्छ लिहिलेले होते. आपला प्रदेश राज्याच्या मानाने कोठे उभा आहे ते पाहायचे. झालेल्या खर्चाने अनुशेष किती हटला ते तपासायचे. पुढे किती खर्च व्हावा ते सुचवायचे. आणि दरवर्षी अहवाल करून राज्यपालांकडे धाडायचा, म्हणजे तो विधिमंडळापुढे ठेवला जाईल. ह्यात रस्त्याचे उद्घाटन नाही, बदलीची चिठ्ठी नाही. हे शुद्ध हजेरीपटाचे काम आहे, आणि मी मास्तर असल्यामुळे मला त्याची प्रतिष्ठा कळते. गैरहजर पोराच्या बापाचा मान राखून मास्तराने त्याच्यापुढे ‘हजर’ लिहिले, तर त्या पटाचे काय उरते?

यावर आमच्याकडील शहाणी मंडळी म्हणतात, ‘अहो, मंडळाला अधिकार कुठे होते? नुसत्या शिफारशी! अध्यक्ष बिचारा काय करणार?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. दांडेकरांच्या हाती तरी कोणती तिजोरी होती? पण त्यांनी मांडलेला आकडा दोन पिढ्यांच्या तोंडी बसला. अनुशेषाच्या अशाच मोजणीचा आधार घेऊन २००१ साली राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर ह्यांनी निधिवाटपाचे निर्देश दिले आणि सरकारला ते टाळता टाळता घाम फुटला. शिफारस दुबळी नसते; ती करणारा आपल्या पक्षाच्या तोंडाकडे पाहू लागला की ती दुबळी होते. मंडळावर आमदार असतात, तज्ज्ञ असतात, विभागीय आयुक्त असतात. ह्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून, सरकारला नको असलेला आकडा अहवालात राहू देणे, हे अध्यक्षाचे काम; ते त्याच्यावाचून कोणी करणार नाही. आयुक्त कसे करतील? ते सरकारचे नोकर.

३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली. सगळीकडे करोनाची टाळेबंदी. रडायलाही कोणी बाहेर पडले नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले, की राज्यपालांनी विधान परिषदेची बारा नावे जाहीर करावीत, दुसऱ्या दिवशी मंडळे जाहीर होतील. म्हणजे परभणी-हिंगोलीचा हक्क बारा जागांच्या सौद्यात तारण! त्यावर विरोधी बाकांवरून आरडाओरड झाली खरी. पण आमच्या तालुक्यात एक दिवस बाजार बंद राहिला नाही. २७ सप्टेंबर २०२२ रोजी, सरकार बदलल्यावर, मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा नेमण्याचा निर्णय घेतला. लगेच आमच्या चहाच्या टपरीवर चर्चा सुरू: अध्यक्ष नांदेडचा की बीडचा? जातीने कोण? गटाने कोण? इतक्या वर्षांत निघालेले अहवाल कोणी वाचले, हे तिथे विचारणारा मीच वेडा ठरलो.

माझी मागणी साधी आहे. ह्या खुर्चीवर जो बसेल त्याने निदान तेवढी मुदत कोणत्याही निवडणुकीचे तिकीट मागू नये. वार्षिक अहवाल वेळेवर द्यावा. तो विधिमंडळापुढे आला नाही तर गप्प न बसता तसे जाहीर सांगावे. आणि त्याची मराठीतली एक एक प्रत प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात धाडावी. सोनपेठची प्रत आली, की सत्काराच्या वर्गणीसाठी जे माझ्या दारी येतील त्यांना मी ती आधी वाचायला देईन, आणि सिंचनाच्या पानावरचा आकडा तोंडपाठ म्हटल्याखेरीज पावती फाडू देणार नाही.