कुलूप कोणते, हे विचारावे

खरडहून चंदीगडमार्गे पंचकुल्याला जाताना तासाभरात पंजाब, केंद्रशासित प्रदेश व हरियाणा अशी तीन शासने आणि तीन पोलीस दले भेटतात. त्यांच्या बिनतारी यंत्रणा एकमेकींशी बोलू शकाव्यात, ही मागणी रास्तच आहे. त्या बोलत असताना आणखी कोण ऐकते, हेही विचारले पाहिजे.

'टेट्रा' या युरोपीय मानकात प्रक्षेपण केंद्र आपला सुरक्षावर्ग स्वतःच घोषित करते; संदेश कूटबद्ध आहे की नाही, हे त्याच्या शीर्षातील खुणाच सांगतात. हँडसेटला ते कळणे आवश्यक असल्याने हे अटळ आहे. मात्र कूटलेखन बंद असेल, तर गस्तीच्या वाहनाचे अक्षांश-रेखांश संगणकाला जोडलेल्या स्वस्त रेडिओवरही वाचता येतात.

स्लोव्हेनियात एका विद्यार्थ्याने पोलिसांच्या जाळ्यातील असे दोष उघड केले. २०१६ साली त्यालाच १५ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. (दोष दाखविणाऱ्यास शिक्षा, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.) २०२३ मध्ये डच संशोधकांनी दाखविले की 'टीईए-१' या गुप्त राखलेल्या पद्धतीत ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणली जाते. अशी किल्ली साधा संगणकही शोधून काढतो.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात: विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला नाही. 'कूटलेखनाची सोय असावी' एवढ्या एका ओळीवर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, तर कमकुवत कुलूपही नियमानुसार पात्र ठरते. म्हणून निविदेत पद्धतीचे नाव लिहावे आणि अंतिम देयकापूर्वी त्रयस्थाकडून बाहेर उभे राहून ऐकण्याची चाचणी घ्यावी.