स्क्रू कुठवर फिरवायचा?

काल इंझोरीत एका जुन्या आरएक्स १०० चं ट्युनिंग पाहत बसलो. मिस्त्रीनं प्लग काढला, तर पांढराफट्ट. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यानं हवेचा स्क्रू अलगद पूर्ण बसवला, दीड फेरा मागे घेतला, मग आवाज ऐकत पाव-पाव फेरा आत. स्लो जमला. "पण भाऊ, हा स्क्रू स्लोपुरताच. रेस दिली की मेन जेटच पाहा लागते."

मुद्दा इथंच आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून मिश्रण आणखी पातळ होतं. सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी ते बरंचसं सांभाळून घेते, कार्बोरेटर नाही. अन् एप्रिल २०२० आधीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्याच. वर इथेनॉल पाणी ओढतं. महिन्यातून दोनदा मानोऱ्याला जाणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजणार नाही तर काय?

ऊस-मका पिकवणाऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मिळू द्या, विरोध नाही. पण सरकार म्हणतं, जुन्या गाडीचे काही रबरी भाग बदलावे लागतील, खर्च किरकोळ. किरकोळ कोणासाठी? पंपावर एक नोझल कमी इथेनॉलचं ठेवा, एवढंच मागणं आहे.

तुमच्या गाडीचा प्लग कसा निघतोय? कमेंटमध्ये फोटो टाका.