निरभ्र आकाशातला भोंगा

१७ ऑगस्ट २०२३. गुरुवार. दुपारचा दीड वाजला असेल. बीबीच्या शिवारात पावसाचा पत्ता नव्हता. तो महिना १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे आपण पुढे वर्तमानपत्रांत वाचले. पण शेतकऱ्याच्या घरात ते कळायला वर्तमानपत्र कशाला हवे? सोयाबीन दुपारी माना टाकत होते आणि आकाश घासलेल्या परातीसारखे लख्ख होते. अशा वेळी घरातले दोन मोबाइल एकदम किंचाळले. नेहमीची घंटी नव्हे. कारखान्याच्या भोंग्यासारखा कर्कश आवाज. ओट्यावर डाळ निवडत बसलेली आजी दचकली. म्हणाली, "काय म्हणते रे तो फोन? पाण्याचं काही सांगून राह्यला का?"

पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. दूरसंचार विभागाने पाठवलेला हा चाचणीचा संदेश आहे, तिकडे दुर्लक्ष करावे, तुम्हाला काही करायचे नाही, असा त्याचा आशय. मी म्हणालो, "काही नाही आजी, सरकार पाहून राह्यलं, फोन वाजते का नाही ते."

"मंग वाजला ना," असे म्हणून ती पुन्हा सुपाकडे वळली.

मित्रहो, तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला आहे. २० जुलै, १७ ऑगस्ट आणि १५ सप्टेंबर २०२३ अशा वेगवेगळ्या दिवशी असे चाचणी-संदेश देशभर आले. आपण त्यावर हसलो, कुणी फोन हॅक झाला म्हणून घाबरले, आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी हा आवाज बंद करण्याची युक्ती शोधून काढली. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असते. आम्ही चौघा मित्रांनी बसस्टँडवर चहा पिता पिता ते बटण बंद करून टाकले. या लेखाचे कारण ते बटण आहे.

कारण ही योजना मुळात चांगली आहे. यात कुणाच्या नंबरांची यादी लागत नाही. ठरावीक भागातल्या टॉवरवरून संदेश सुटतो आणि त्या टॉवरच्या कक्षेतल्या फोनवर एकदम पोहोचतो. संकटात सगळे एकमेकांना फोन लावतात आणि लाइन मिळत नाही. त्या गर्दीची अडचण याला होत नाही. पहिल्या संदेशाची तारीख मात्र अंगावर काटा आणते. १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दुसऱ्या दिवशी, बचाव पथके पायवाटेने वर चढून माती उपसत असताना, महाराष्ट्रातले फोन 'ही केवळ चाचणी आहे' म्हणून वाजत होते. वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हते, असे सरकारने सांगितले. म्हणजे ही यंत्रणा आदल्या दिवशी सुरू असती तरी तिथला फोन वाजला नसता. त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांना पुराने वेढले. भोंग्याची गरज आपल्याला आहे की नाही, हा वाद इथेच संपावा.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि दोष त्या पोराला देतो. मेंढ्या मात्र साऱ्या गावाच्या गेल्या, याचा विचार करत नाही.

अमेरिकेत डॅलस शहरात ७ एप्रिल २०१७ च्या रात्री असेच घडले. तिकडे टॉर्नेडो, म्हणजे सोंडेसारखे जमिनीपर्यंत उतरणारे वादळ, येते म्हणून शहरभर भोंगे बसवलेले आहेत. त्या रात्री वादळ नव्हते. तरी पावणेबाराच्या सुमारास १५६ भोंगे ओरडू लागले आणि पुन्हा पुन्हा वाजत दीड वाजत आला तेव्हा बंद झाले, तेही सारी यंत्रणाच बंद केल्यावर. कुणीतरी रेडिओ-संकेताने खोडसाळपणा केला होता. त्या काळात ९११ या मदतीच्या नंबरावर ४,४०० हून अधिक फोन आले. एवढी माणसे काय विचारत होती? माझ्या आजीने विचारले तेच: काय म्हणते रे तो?

माझे म्हणणे एवढेच आहे की भोंग्याला प्रश्न विचारता येत नाही. गावात कोतवाल दवंडी देत फिरायचा तेव्हा त्याला वाटेत अडवता येत असे. कोणी सांगितले, केव्हा, आमच्या आळीलाही का, हे पुसता येत असे. आपल्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचे भाकीत सांगितले जाते. त्याच्या खरेखोटेपणाची हमी मी देणार नाही, माझा त्यावर विश्वासही नाही. पण माणसे दूरदूरहून जातात, कारण तिथे शेतात उभा राहून एक माणूस त्यांच्या बोलीत त्यांना सांगतो. शास्त्राच्या सूचनेला अजून हे साधलेले नाही.

काही जण म्हणतात, उगाच लोकांना घाबरवू नये, चाचण्याच बंद करा. हे मला मुळीच पटत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. बारीकसारीक गळतीने शेजारपाजार घाबरू नये, अशी तिथली रीतच होती. न घाबरवण्याची ती किंमत! उलट ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी भोंगा होतो तेव्हा कुणी पळत नाही. ७ मे २०२५ ला मुंबईसह अनेक ठिकाणी युद्धकाळाच्या सरावाचे भोंगे वाजले, तेही आधी जाहीर करून. माहीत असलेल्या आवाजाने माणूस बधिर होत नाही, अडाणी राहिल्याने होतो.

शिवाय निरभ्र आकाश हा काही पुरावा नव्हे. वीज ढगापासून १०-१५ किलोमीटर दूर, जिथे डोक्यावर ऊन आहे तिथेही पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. उद्या रोहिणीत पेरणीपूर्व मशागत चालू असताना लख्ख उन्हात फोन किंचाळला, तर शेतातला माणूस वर पाहील, हसेल, आणि नंतर ढग दिसल्यावर निंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहील. झाडाखाली उभे राहू नये, हे त्या इंग्रजी मजकुरातून त्याला कसे कळावे? पिचलेला फोन, फुटकी काच आणि चष्मा घरी!

म्हणून चाचणी व्हावी, ती ठरलेल्या दिवशी व्हावी, आदल्या दिवशी गावात पुकारा व्हावा, मजकूर मराठीत असावा, आणि 'तुम्हाला काही करायचे नाही' हे वाक्य त्यातून काढून टाकावे. काहीतरी करायला सांगावे. निदान शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगा, एवढे तरी.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. यंदा मृगापूर्वी दोघादोघांच्या जोड्यांनी घरोघर जावे, प्रत्येक फोनमधले ते बटण पाहावे, बंद असेल तर चालू करून द्यावे आणि भोंगा वाजला तर काय करायचे ते ओट्यावर बसून सांगावे, अशी माझी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती आहे. माझे बटण मी चालू केले आहे. बसस्टँडवरच्या उरलेल्या तिघांचे अजून बंद आहे. त्यांची नावे मी इथे देत नाही, पण ते हा अंक वाचणार आहेत.